उंदराच्या ग्लू पॅडला मांजराचं पिल्लू चिकटलं, तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन महिन्यांचं पिल्लू फ्रिजमागच्या ग्लू पॅडवर गेलं. तुम्ही ओढून अर्धं सोडवलंत, पण मागचा डावा पाय आणि शेपटी अजून पुठ्ठ्यालाच आहे आणि पोटाच्या केसांचा चिकट लगदा झालाय. सासूबाईंनी वरून बेबी पावडर टाकली, शेजारचे काका रॉकेल लावा म्हणतात, दवाखाना सकाळी दहाला उघडतो. आधी जोरात ओरडत होतं, आता गप्प आहे. रॉकेल लावू का, केस कापू का, तेल चाटलं तर काय होईल, शेपटीला काही होईल का?

रॉकेलचं आधी सांगतो: अजिबात नको. कारण पुढे देतो, पण ती बाटली आत्ताच परत पाठवा.

तुम्हाला हा प्रश्न गोंदाचा वाटतोय. मला काळजी आहे ती “आता गप्प आहे” या शब्दांची. या पॅडवरचा गोंद न वाळणारा, रबर-राळेच्या जातीचा असतो. तो अंगाला लागल्याने सहसा विषबाधा होत नाही आणि रात्रभर अंगावर राहिला म्हणून पिल्लू दगावत नाही. पिल्लं दगावतात ती थंडीने, दमणुकीने, साखर उतरल्याने, किंवा गोंद काढायला वापरलेल्या रसायनाने. दोन महिन्यांच्या पिल्लाचं वजन जेमतेम पाऊण ते एक किलो. अर्धा तास धडपडलं की अंगातली ताकद संपते. गप्प बसणं म्हणजे शांत होणं असेलच असं नाही.

म्हणून तेलाची बाटली काढायच्या आधी दोन मिनिटं पिल्लाकडे नीट बघा. ओठ वर करून हिरडी पाहा: गुलाबी असेल तर ठीक, पांढरी किंवा निळसर असेल तर नाही. तोंड उघडं टाकून श्वास घेतंय का? कुत्रा धापा टाकतो ते चालतं, मांजराचं नाही. पंजे आणि कान गार पडलेत का? हाक मारल्यावर, कान हलकेच हलवल्यावर प्रतिसाद देतंय का? नाका-तोंडावर किंवा डोळ्यांवर गोंद आहे का? ओढताना कातडी फाटली का, पाय लोंबतोय का? यातली कुठलीही धोक्याची खूण दिसली, किंवा पिल्लू प्रतिसादच देत नसेल, तर घरी खटपट करू नका. पॅडच्या उघड्या भागावर वर्तमानपत्र चिकटवा, पुठ्ठ्यासकट पिल्लू खोक्यात ठेवा आणि रात्रीचा जो पशुवैद्यकीय दवाखाना मिळेल तो गाठा. मोठ्या शहरांत रात्रीची सोय असते. 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांकही लावून बघा. दवाखान्यात हलकी भूल देऊन वीस मिनिटांत जे होतं, त्याला घरी शुद्धीवरच्या पिल्लावर दोन तास लागतात.

हिरडी गुलाबी आहे, श्वास नाकाने चाललाय, हाकेला मान वळवतंय, असं असेल तर पुढचं घरी करता येईल.

पहिलं काम ऊब. पंखा आणि एसी बंद करा, खिडकी लावा. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती जुन्या पायमोज्यात घाला आणि टॉवेलखाली पिल्लाच्या शेजारी ठेवा, अंगाखाली नको. पिल्लाला हवं तेव्हा बाजूला सरकता आलं पाहिजे आणि ते पुठ्ठ्याला बांधलेलं असताना सरकू शकत नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी हात लावून बघा. अंग गार असेल तर दूध, पाणी, खाणं काहीही देऊ नका. गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही आणि गिळणंही धड होत नाही, मग घास श्वासनलिकेत जातो. साखरेच्या घट्ट पाण्यात बोट बुडवून हिरडीवर चोळा, तेवढंच. अंग गरम झाल्यावर मात्र उपाशी ठेवू नका. या वयाचं पिल्लू रात्रभर रिकाम्या पोटी राहिलं तर साखर उतरते. त्याच्या नेहमीच्या खाण्यातलं थोडं थोडं दोन-तीन वेळा द्या.

आता पुठ्ठा. पिल्लू हलल्यावर पुन्हा चिकटेल असा जो मोकळा गोंद आहे तो आधी झाकायचा. त्यासाठी कणीक, तांदळाचं पीठ, कॉर्नफ्लॉर, जे हाताशी असेल ते जाड थरात टाका, किंवा सरळ कागद चिकटवा. सासूबाईंची पावडरची कल्पना इथपर्यंत बरोबर होती, जागा चुकली. पॅडवर पावडर कामाची. केसांत गेली की ती गोंदात मिसळून खड्यासारखी बसते आणि तेल आत शिरायला वेळ लागतो. शिवाय टाल्कम नाकात गेली तर फुप्फुसांना त्रास. जी टाकली गेलीय ती झटकत बसू नका, कोरड्या कापडाने वरवर टिपा, पण आणखी नको.

पॅड पुठ्ठ्याचा असेल तर मोठ्या कात्रीने पिल्लापासून दोन बोटं अंतर ठेवून बाकीचा भाग कापून टाका. छोट्या तुकड्यावर काम करणं फार सोपं जातं आणि वजनाने पाय-शेपटीला हिसका बसत नाही. प्लास्टिकचा ट्रे असेल तर कापायच्या भानगडीत पडू नका, कटर निसटतो.

दोन माणसं हवीत. एकाने पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, तान्ह्या बाळाला दुपट्यात बांधतात तसं: पुढचे पाय आत, डोकं बाहेर, मागचा चिकटलेला भाग उघडा. पोटाच्या गोंदाला टॉवेल चिकटू नये म्हणून तिथे आधी तेलाचा हात फिरवून घ्या. मानगुटीला धरून उचलू नका. पुठ्ठा लटकत असताना तर मुळीच नाही.

तेल कोणतं? रोजच्या स्वयंपाकाचं रिफाइंड तेल: सूर्यफूल, सोयाबीन, शेंगदाणा, राइस ब्रान. सगळी सारखीच चालतात. हा गोंद पाण्यात विरघळत नाही, तेलात मऊ पडतो, म्हणून पाण्याने धुवायला गेलात तर तासभर काही होणार नाही आणि पिल्लू मात्र भिजून गारठेल. खोबरेल तेलही चालतं, पण साधारण 24 अंशांखाली ते थिजतं, त्यामुळे थंडीत पातळ करून घ्यावं लागतं. मोहरीचं तेल कातडीला झोंबतं, एरंडेल जाड असतं आणि चाटलं तर जुलाब होतात. ही दोन्ही नकोत. निलगिरी, कापूर घातलेलं तेल, टी ट्री, कुठलाही बाम: हे सगळं मांजराला विषारी आहे.

अर्धी वाटी तेल पुरतं. वाटी कोमट पाण्यात ठेवून तेल अंगाइतकं गरम करा, गॅसवर नको. एका वेळी चमचाभरच वापरायचं. वरून ओतायचं नाही. जिथे केस आणि पुठ्ठा भेटतात त्या कडेला बोटाने तेल लावा आणि केसांच्या मुळाशी जाईल असं हलकं चोळा. मग पाच मिनिटं थांबा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. तेल लावलं की लगेच ओढायला जातात, गोंद सुटलेला नसतो, केस आणि कातडी ओढली जाते, पिल्लू किंचाळतं, मग पुन्हा घाई. पाच मिनिटांनी बोटाच्या टोकाने गोंद चोळला तर त्याच्या शेवयांसारख्या वळ्या होऊन सुटू लागतात. त्या वळ्या दिसल्या म्हणजे तेल आत पोचलंय असं समजा. वळ्या जुन्या सुती कापडाने पुसा, कापूस वापरू नका, त्याचे तंतू गोंदात अडकतात आणि काम दुप्पट होतं. हातमोजे घालायचे तर त्यांनाही तेल लावा, नाहीतर तेच चिकटतील.

सोडवताना पिल्लू स्थिर ठेवून पुठ्ठा खाली आणि मागे सोलायचा, पुठ्ठा धरून पिल्लू वर ओढायचं नाही. अर्ध्या बोटाएवढा भाग सुटला की त्या फटीत तेल लावलेला जाड कागद, जुनं आमंत्रणपत्र चालेल, आत सरकवा, म्हणजे सुटलेला भाग परत टेकणार नाही. तुमच्या बाबतीत आधी पाय, मग शेपटी. पाय सुटला की पिल्लाला थोडा आधार मिळतो आणि ते शेपटीला हिसके देत नाही. पायाच्या बोटांमध्ये, गाद्यांच्या फटीत गोंद जास्त राहतो. प्रत्येक बोट वेगळं करून तेलाच्या बोटाने साफ करा, नखं बाहेर आली तर थांबा. शेपटी बुडख्याकडून टोकाकडे, केसांच्या दिशेने. दर दहा-पंधरा मिनिटांनी काम थांबवून बाटलीची ऊब, श्वास, हिरडी पुन्हा तपासायची.

केस कात्रीने कापू का? गोंदाने केस वर ओढले गेले की खालची पातळ कातडीही तंबूसारखी वर येते. लगदा कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ते दिसत नाही आणि पिल्लाची कातडी कागदासारखी कापली जाते. म्हणून आज रात्री कात्री नको. अगदीच एखादी गाठ सुटत नसेल तर बारीक दातांचा कंगवा कातडीला लागून आडवा सरकवा आणि कंगव्याच्या वरच कापा, खाली नाही. कंगवा जात नसेल तर ती गाठ डॉक्टरांच्या ट्रिमरसाठी ठेवा. मिशांना हात लावू नका.

आता रॉकेल. काका चुकीचं बोलत नाहीत, रॉकेलने गोंद खरंच निघतो. पेट्रोल, टर्पेंटाइन, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांनीही निघतो. पण मांजर अंगाला लागलेली प्रत्येक गोष्ट चाटून साफ करतं. रॉकेल इतकं पातळ असतं की चाटताना किंवा उलटी होताना त्याचे थेंब घशातून सरळ फुप्फुसांत उतरतात आणि त्याचा न्यूमोनिया होतो. ओल्या, चोळलेल्या कातडीवर ते भाजल्यासारखे फोडही आणतं. आधीच कोणी लावलं असेल तर लगेच भांड्याच्या लिक्विडने धुवा, उलटी करवू नका आणि त्याच रात्री दवाखान्यात न्या. तसंच डेटॉल, फिनेल. यांतल्या फिनॉल गटातल्या रसायनांचा निचरा करण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी असते. माणसाला जे ‘जंतुनाशक’ तेच मांजराला विष ठरतं.

आणि दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नका. मांजराच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमताच त्याने जाते. एवढ्या पिल्लाला गोळीचा छोटा तुकडाही जिवावर बेतू शकतो. आयब्युप्रोफेनही नाही.

खाण्याचं तेल चाटलं तर? थोडंफार चाटणारच. फार तर एक दिवस पातळ शी होईल. गोंदाचा कण पोटात गेला तरी बहुधा शीवाटे निघून जातो. पण लाळ गळत राहिली, वारंवार उलटी झाली, किंवा जबड्याला पंजा मारत राहिलं तर तोंडात गोळा अडकलेला असू शकतो, ते डॉक्टरांनी बघायचं. तोंडातला गोंद सुटावा म्हणून तोंडात तेल ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पापण्या चिकटल्या असतील तर तिथेही स्वयंपाकाचं तेल नको.

आंघोळीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बहुतेक ठिकाणी ‘तेलाने सोडवा, मग शाम्पूने धुवा’ असं एका दमात सांगतात. ते मोठ्या मांजराला ठीक आहे. दमलेल्या, दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्री अकरा वाजता भिजवणं मला पटत नाही. पुठ्ठा सुटला, अंगावरचा मोठा गोंद निघाला, की आजच्यापुरतं पुरे. तेलकट भागावर तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लॉर हाताने चोळा, नाकापासून लांब. आता गोंद मऊ होऊन सुटलाय, त्यामुळे पीठ तेल शोषून घेतं आणि कोरड्या कापडाने निघून येतं. मग माणसाच्या जुन्या पायमोज्याचं टोक कापून, पायांसाठी चार भोकं पाडून तो पिल्लाला घाला. चाटणं थांबतं आणि ऊबही राहते. शी-शूची जागा मात्र मोकळी हवी आणि छातीवर मोजा इतका सैल हवा की खाली एक बोट सहज जाईल.

म्हणजे आज रात्रीचा क्रम असा: तपासणी, ऊब, मोकळा गोंद झाकणं, पुठ्ठा कापणं, तेल आणि थांबणं, सोलणं, पिठाने कोरडं करणं, मोजा, खाणं, झोप. आंघोळ या यादीत नाही.

सकाळी पिल्लू खात-खेळत असेल तर धुवा. मगभर पाण्यात चमचाभर बेबी शाम्पू, किंवा शाम्पूने तेल निघत नसेल तर साधं भांड्याचं लिक्विड. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल इतकंच. डोकं भिजवायचं नाही. दोनदा फेस करून स्वच्छ पाण्याने धुवायचं, कारण उरलेला साबण ते चाटणार. सगळं दहा मिनिटांत उरका आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत टॉवेलमध्ये ठेवा. काही गोंद तरीही राहील. राहू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं तेल, पुन्हा थोडं पुसणं.

ओढताना जिथले केस उपटले गेलेत तिथे कातडी लाल असेल. पाव लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्ध्या चमच्याहून थोडं कमी मीठ घाला आणि त्या पाण्याने पुसा. हळद, माणसांची मलमं काही लावू नका, सगळं चाटलं जातं. केस साधारण दोन-तीन महिन्यांत परत येतात.

शेपटीचं तुम्ही विचारलंत ते चांगलं केलंत, कारण ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शेपटी जोरात ओढली गेली तर बुडख्याशी असलेल्या मज्जातंतूंना ताण बसतो आणि त्याच भागातून मूत्राशयाचे आणि गुदद्वाराचे मज्जातंतू जातात. म्हणून फक्त शेपटी हलते का एवढं बघून भागत नाही. पिल्लू स्वतःहून शू करतंय का ते बघा. ट्रेमध्ये माती किंवा कागदाचे तुकडे ठेवा म्हणजे कळेल. शेपटी लोंबती राहिली, बारा तासांत शू झाली नाही, किंवा झोपेत थेंब थेंब गळू लागली, तर दहाच्या दवाखान्यात पहिला नंबर लावा. शेपटी हलतेय आणि शू नीट होतेय, तर बहुधा काही झालेलं नाही. तरी डॉक्टरांना दाखवून घ्याच, मागचा पायही तपासून होईल. पुढचे दोन दिवस झोपेतला श्वास मोजा: मिनिटाला वीस ते तीस ठीक, चाळीसच्या वर सतत असेल तर फुप्फुसांत काहीतरी गेलंय असं धरून चाला.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण अशा प्रसंगात ती बहुतेक वेळा होतेच: पिल्लाने तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला चावलं-ओरबाडलं आहे का? इतक्या लहान पिल्लाची रेबीजची लस झालेली नसते, ती साधारण तीन महिन्यांच्या पुढे देतात. तसं झालं असेल तर, रक्त आलं नसलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद-चुना नको, पट्टी घट्ट बांधू नका. उद्या सकाळी पिल्लाच्या डॉक्टरांकडे जायच्या आधी स्वतःसाठी महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात जा आणि लशीबद्दल विचारा. शिवाय मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, वरून भोक बारीक दिसतं आणि आत पू होतो, तेव्हा बोट सुजलं तर थांबू नका.

पॅडवर आधीच उंदीर होता का, आणि घरात उंदराचं औषधही ठेवलंय का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. औषध खाल्लेला उंदीर पिल्लाने चावला असेल तर रक्त न गोठण्याचा त्रास दोन ते पाच दिवसांनी दिसतो, तोवर पिल्लू एकदम ठणठणीत वाटतं. औषधाचं पाकीट फेकू नका, सोबत न्या.

उरलेले पॅड उंचावर किंवा कपाटामागे ठेवले तर चालेल का, असं कोणी विचारेल, म्हणून सांगतो: पिल्लू असलेल्या घरात नाही. जिथे उंदीर जातो तिथे दोन महिन्यांचं पिल्लूही जातं, आणि वळवळणारा उंदीर दिसला तर हमखास जातं. लोखंडी जाळीचा पिंजरा ठेवा आणि मुख्य म्हणजे फटी बुजवा. घरातला लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून येतो, म्हणजे ज्या भोकात पेन्सिल जाते ते भोक उंदराला पुरतं. सिंकखालच्या पाइपाभोवती, गॅसच्या नळीच्या भोकाशी आणि फ्रिजमागच्या कोपऱ्यात भांडी घासायची स्टीलची तारेची जाळी ठासून भरा आणि वरून सिमेंट किंवा एम-सील लावा. नुसता कागद किंवा थर्माकोल कोंबला तर तो कुरतडून दोन दिवसांत उंदीर परत येईल. जाळीची टोकं बाहेर राहू देऊ नका, पिल्लू तीही चावायला जाईल.